चांदी काळी, एसीचं कॉइल गेलं आणि बेसमेंटचा वास मात्र अचानक बंद : हे नक्की काय चाललंय?

घोडबंदरचा_गोंधळी | मंगळवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. योग्य विभागात टाकतोय का माहीत नाही, नसेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळच्या पुढे राहतो, दुसरा मजला, खाली बेसमेंट पार्किंग आणि त्याच्या कोपऱ्यात सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट. दोन वर्षांत बेडरूमच्या एसीचा गॅस तिसऱ्यांदा गेला. या वेळी मेकॅनिकने कॉइल उघडून दाखवलं तर तांब्याची नळी काजळी फासल्यासारखी काळीकुट्ट, म्हणाला साहेब हा नाल्याचा गॅस आहे, वॉरंटीत बसत नाही. मला वाटलं पैसे काढायची आयडिया. पण बायको म्हणते देवघरातलं निरांजन आणि लेकीचे पैंजण पंधरा दिवसांत काळे पडतात, कळव्याला राहायचो तेव्हा असं होत नव्हतं.

दिवाळीनंतर बेसमेंटमध्ये सडक्या अंड्यांचा वास सुरू झाला. आता गंमत म्हणजे एसटीपीचा ऑपरेटर परवापासून म्हणतोय वास गेला, सगळं ओके आहे. मी काल स्वतः खाली जाऊन आलो, दार उघडल्यावर भपकन आला, डोळे जरा चुरचुरले, पण आत उभा राहिल्यावर चार-पाच मिनिटांत वास खरंच येईना. म्हणजे कमी झाला असावा. तरी रविवारी काँट्रॅक्टर दोन माणसं आणून कलेक्शन टँक साफ करून घेणारे, म्हणजे विषय संपेल.

प्रश्न दोनच. एसीच्या कॉइलला काही कोटिंग मिळतं का, आणि चांदी काळी पडू नये म्हणून काय करावं?

चहाबाज | मंगळवार, रात्री १०.५०

खालच्या मजल्यावर कोणी गुपचूप ऑम्लेटची गाडी लावलीये का बघा आधी. श्रावण पाळणाऱ्या सोसायटीत असंच होतं 😀

ऐरोली_नाईटशिफ्ट | मंगळवार, रात्री ११.१८

मेकॅनिक खरं बोलतोय. मी ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये कामाला आहे, आमचं अर्धं डोकं याच वायूने खाल्लेलं असतं. हायड्रोजन सल्फाइड. तांबं आणि चांदी दोन्हीला चावतो, अॅल्युमिनियमला फारसं काही करत नाही. खाडी जवळ, नाले जवळ, त्यामुळे आम्ही सर्व्हर रूममध्ये तांब्याच्या आणि चांदीच्या छोट्या पट्ट्या लावून ठेवतो, महिन्याने लॅबला पाठवतो आणि त्यांच्यावर किती जाडीचा थर चढला ते मोजतात. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉम आणि चांदीवर २०० च्या आत असेल तर हवा ठीक. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, इतक्याशा थराने लाखांचे बोर्ड मरतात. म्हणून येणारी हवा अॅक्टिव्हेटेड कार्बन आणि पोटॅशियम परमँगनेटवाल्या गोळ्यांच्या फिल्टरमधून घेतो.

थोडक्यात वहिनींचे पैंजण (सॉरी, लेकीचे) म्हणजे फुकटातला सेन्सर आहे तुमच्याकडे.

कोटिंगचं म्हणाल तर दुकानदार ब्लू फिन ब्लू फिन करतात, ते पत्र्याच्या फिनला असतं, तांब्याची नळी उघडीच राहते, बेंड आणि ब्रेझिंगच्या जागी तर हमखास. पुढचा एसी घ्याल तेव्हा पूर्ण अॅल्युमिनियम कॉइलवाला बघा. सध्याच्याला कंपनीबाहेरचे लोक कोटिंग मारून देतात पण कॉइल आधीच भोकं पडलेलं असेल तर उपयोग नाही.

परीक्षानळी | बुधवार, सकाळी ६.५५

वा, सकाळी सकाळी जुना मित्र भेटला. ३१ वर्षं ठाण्यात केमिस्ट्री शिकवली, त्यातली निम्मी या वायूच्या वासात गेली. किपचं उपकरण आठवतंय का कोणाला? एकावर एक तीन काचेचे गोळे, मधल्यात आयर्न सल्फाइडचे खडे, वरून पातळ अॅसिड. तोटी उघडली की गॅस, बंद केली की तोच गॅस अॅसिडला ढकलून खाली घालवतो आणि रिअॅक्शन आपोआप थांबते. १८४४ सालची युक्ती, डच माणसाची, काय डोकं असेल.

सॉल्ट अॅनालिसिसला तोच गॅस द्रावणात सोडायचा. कॅडमियम असेल तर पिवळाधमक साका, अँटिमनी नारिंगी, झिंक पांढरा, आणि तांबं, शिसं, पारा असेल तर काळा. पोरं रंग बघून नाचायची. चार वाजता लॅब सुटली की त्याच साडीने ठाण्याहून डोंबिवली लोकल, लेडीज डब्यात माझ्या शेजारची सीट कायम रिकामी.

चांदीचं उत्तर : तो काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, चांदी अजून तिथेच आहे. रांगोळीने, टूथपेस्टने घासू नका, चांदी झिजते. भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा, उकळतं पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा. पाच मिनिटांत सल्फर चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातो. अंड्यांसारखा हलका वास येईल, तो हाच. मोती, खडे असलेले दागिने टाकू नका.

निवृत्त_प्लँटवाला | बुधवार, सकाळी ७.३०

चांदी, एसी सगळं नंतर. मूळ धाग्यातलं एक वाक्य परत वाचा लोकहो. "चार-पाच मिनिटांत वास खरंच येईना."

गोंधळी, वास गेला नाही, तुमचं नाक गेलं. या वायूची हीच बदमाशी आहे. एक पीपीएमच्याही आत असताना नाकाला कळतो, म्हणजे दहा लाख भाग हवेत एक भागही नाही, इतकं आपलं नाक याच्या बाबतीत तिखट. पण तिथेच उभे राहिलात तर नाक दमतं, आणि १०० पीपीएमच्या आसपास गेला की काही मिनिटांत वास घेणारी नसच बधिर होते. माणूस म्हणतो गेला वास, आणि एक पायरी आणखी खाली उतरतो. डोळे चुरचुरले म्हणताय म्हणजे तिथे नुसता "येतोय बुवा वास" एवढ्यावरचं प्रकरण नाही.

मी माहुलच्या बाजूला रिफायनरीत होतो, सल्फर युनिटला. आमच्याकडे भिंतीवर जे लिहिलेलं होतं ते मोबाइलवरून टंकतोय, गोड मानून घ्या. तेव्हाच्या फॅक्टरी अॅक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांच्या शिफ्टला १० पीपीएम, थोड्या वेळासाठी १५. शंभरला तिथे थांबायचंच नाही, पळायचं. पाचशे ते सातशेला माणूस पाच मिनिटांत झोकांड्या खाऊन पडतो. हजारच्या वर एक-दोन श्वास. ओरडायला वेळ मिळत नाही, दिवा विझावा तसा विझतो.

रविवारी कोणी उतरणार असेल तर आजच थांबवा. फोन करा, आत्ता.

घोडबंदरचा_गोंधळी | बुधवार, सकाळी ८.१२

बाप रे. मी एसीचं विचारायला आलो होतो. काँट्रॅक्टरला फोन केला, म्हणाला वीस वर्षं हेच काम करतोय, माणूस उतरवतो, तोंडाला ओला फडका बांधतो, कमरेला दोरी, पंधरा मिनिटांत बाहेर. मशीन लावायचं तर बावीस-तेवीस हजार होतील, माणसं साडेचार हजारात. कमिटी अर्थातच...

जुन्या_काळचा | बुधवार, सकाळी ९.०५

उगाच घाबरवताय. आमच्या गावी दरवर्षी विहिरी साफ व्हायच्या, आजोबा आधी कंदील दोरीने खाली सोडायचे, विझला नाही की माणूस उतरायचा. सोसायटीचे सेप्टिक टँकही आमच्यासमोर साफ झालेत, सगळे धडधाकट वर आले. आता प्रत्येक गोष्टीला मीटर आणि मशीन, म्हणून मेंटेनन्स वाढतो.

परीक्षानळी | बुधवार, सकाळी ९.४०

@जुन्या_काळचा, आजोबांचा कंदील चुकीचा नव्हता, पण तो एकच प्रश्न विचारतो : खाली प्राणवायू आहे का? जुन्या विहिरीत कार्बन डायऑक्साइड साचायचा, तिथे कंदील विझायचा, बरोबर. हायड्रोजन सल्फाइडचं गणित बघा. हजार पीपीएम म्हणजे किती? शेकडा ०.१. हवेत प्राणवायू २१ टक्के, त्यातला इतकासा कमी झाल्याने कंदिलाला काही फरक पडत नाही, तो मजेत जळत राहील आणि खाली माणूस मेलेला असेल.

शिवाय हा वायू स्वतः पेटतो, हवेत साधारण ४.३ ते ४६ टक्के असला की. गटारात त्याच्या जोडीला मिथेन असतोच. तिथे कंदील सोडणं म्हणजे काडी लावणं.

आणि तुमचे लोक धडधाकट वर आले कारण त्या दिवशी तळाचा गाळ शांत होता, एवढंच.

पंपवाला_तुर्भे | बुधवार, सकाळी ११.२०

मी ड्रेनेज मेंटेनन्सची कामं घेतो, तुर्भे ते ठाणे. काकूंनी शेवटचं वाक्य लाखातलं बोललं, त्यावरच लिहितो. गॅसचा मीटर वरून सोडला, रीडिंग आलं तीन-चार, सगळे म्हणतात चला उतरा. गॅस पाण्यात आणि गाळात विरघळून बसलेला असतो. माणसाने पाय ठेवला, फावडं मारलं की गोटी सोड्याची बाटली फोडल्यासारखा एकदम वर येतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही, ढवळताना मोजायचं असतं.

आणखी एक. मरतात ते दोन-दोन, तीन-तीन का? पहिला पडतो, दुसऱ्याला वाटतं चक्कर आली, भाऊ असतो, मेहुणा असतो, थांबवणार कसं, तो उतरतो. मग तिसरा. दोरी कमरेला असली तरी वरून दोन माणसं बेशुद्ध माणसाला सरळ ओढू शकत नाहीत, तो दुमडतो, मॅनहोलच्या तोंडात अडकतो. त्याला फुल बॉडी हार्नेस आणि वर तिपाई पाहिजे, तिला विंच. फडका म्हणाल तर ओला असो कोरडा असो, शून्य. एन-९५ पण शून्य, तो धुळीला आहे. आत जायचंच तर बाहेरून हवा पुरवणारा किंवा पाठीवर सिलिंडरवाला सेट, आणि तो लावायला शिकलेला माणूस.

गोंधळीसाहेब एक विचारतो. तुमच्या एसटीपीचा ब्लोअर, टाकीत हवा सोडणारा, रात्री चालू असतो का?

दिवागावचा | बुधवार, दुपारी १.०५

आमचं लहानपण खाडीत गेलं, हा वास आमच्या ओळखीचा. ओहोटीला चिखलात पाय रोवला की वर फसफसून यायचा. वरचा चिखल मातकट, चार बोटं खाली गेलं की काळाशार डांबरासारखा, आणि तो काढून उन्हात टाकला की संध्याकाळपर्यंत परत मातकट. आजी म्हणायची खाडी ढेकर देते. त्याच्याने कोणी कधी मेलं नाही, वारा असतो ना. आता फ्लेमिंगो बघायला माणसं येतात आणि नाकाला रुमाल लावतात.

अवांतर वाटलं तर सोडून द्या.

परीक्षानळी | बुधवार, दुपारी २.३०

अवांतर कसलं, मुद्द्याचं आहे. चिखलात जिथे प्राणवायू पोचत नाही तिथले जिवाणू श्वासासाठी सल्फेट वापरतात आणि हा वायू बाहेर टाकतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं, म्हणजे खाडीत त्यांना पंगतच. तो काळा रंग आयर्न सल्फाइडचा, उन्हात हवा लागली की गंजून परत मातकट होतो. आजीचा ढेकर अगदी बरोबर. उघड्यावर वारा नेतो, बंद टाकीत नेणारं कोणी नाही. त्यात हा वायू हवेपेक्षा साधारण १.२ पट जड, त्यामुळे खड्ड्यात, बेसमेंटात रेंगाळतो. पण म्हणून वर उभं राहणारा सेफ असं समजू नका, ढवळलं की सगळीकडे.

तुमच्या टाकीत सल्फेट कुठून आलं? मैल्यात असतंच, कपडे धुवायच्या पावडरीत सोडियम सल्फेट भरणा म्हणून घालतात तेही येतं. आणि घोडबंदरला खाडी जवळ, टाकीला तडा असेल तर जमिनीतलं खारं पाणी आत झिरपत असेल. टाकीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार किती, ते तपासून घ्या.

घोडबंदरचा_गोंधळी | बुधवार, रात्री ९.१५

@पंपवाला_तुर्भे ब्लोअर रात्री अकरा ते सहा बंद असतो. दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये लाइटबिल कमी करायचं म्हणून ठराव झाला. महिन्याला नऊ-दहा हजार वाचतात. आता लिहूनच टाकतो, ठरावाचा सूचक मीच होतो.

म्हणजे वास दिवाळीनंतरच का सुरू झाला ते...

अजून एक. हाऊसकीपिंगवाल्याने गेल्या आठवड्यात वास मारायला म्हणून बेसमेंटच्या चेंबरमध्ये संडास धुवायच्या अॅसिडचे दोन कॅन ओतले होते. तेव्हा तो खोकत वर आला होता. आम्ही हसलो होतो.

पंपवाला_तुर्भे | बुधवार, रात्री ९.४०

झालं. हवा बंद केली की सात तासात टाकी सडायला लागते. हवेवर जगणारे जिवाणू झोपतात आणि काकू म्हणतात ते दुसरे उठतात. दहापैकी सहा सोसायट्यांत हीच गोष्ट बघतो, बिल्डर गेला, एएमसी (देखभालीचं वार्षिक कंत्राट) स्वस्तातली, ब्लोअरला टायमर. टाकीचा स्लॅब वरून बघा, काँक्रीटचा चुरा पडतोय का, सळ्या दिसतायत का? हा गॅस वरच्या ओल्या छताला लागतो, तिथले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक अॅसिड करतात आणि ते काँक्रीट खातं. बाजूला कोणी गाडी लावत असेल तर काढायला सांगा.

निवृत्त_प्लँटवाला | बुधवार, रात्री १०.०५

अॅसिडचं वाचून अंगावर काटा आला. काकूंचं किपचं उपकरण आठवा, सल्फाइड अधिक अॅसिड. तुम्ही बेसमेंटमध्ये तेच मांडलंत. सुरतजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे एका टँकरने नाल्यात रसायन सोडलं, त्यातून विषारी वायू झाला आणि जवळच्या कारखान्यातले सहा कामगार गेले. गटारात काय काय साचलंय ते माहीत नसताना वरून काही ओतायचं नसतं. ब्लीचिंग पावडरवर अॅसिड तर आणखी वेगळं लफडं, क्लोरीन.

आता सगळे या वायूला शिव्या घालताय म्हणून चार शब्द याच्या बाजूने. कच्च्या तेलात गंधक असतो, तो हायड्रोजन लावून काढला की हाच वायू मिळतो. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस सहा नियम आला, पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत आणायचा, म्हणजे रिफायनरीत हा वायू आणखी तयार होणार. त्याला अमाइन नावाच्या रसायनाच्या पाण्यात धरायचा, मग एक-तृतीयांश जाळून सल्फर डायऑक्साइड करायचा आणि उरलेल्याशी त्याची गाठ घालायची, दोघं मिळून पिवळाजर्द गंधक खाली बसतो. क्लॉस नावाच्या माणसाने १८८३ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत. तो गंधक पुढे सल्फ्युरिक अॅसिडला, तिथून खताला. रावतभाटा आणि मणुगुरूला अणुभट्ट्यांसाठी जड पाणी करतात तिथे तर हाच वायू साधन आहे. पाणी आणि गॅस उंच टॉवरमध्ये एकमेकांसमोर फिरवतात, एक भाग ३० अंशाला गार, दुसरा १३० ला गरम, आणि जड हायड्रोजन हळूहळू पाण्यात गोळा होत जातो. टनांनी गॅस फिरत असतो तिथे. फरक एवढाच की तिथे प्रत्येक कोपऱ्यात डिटेक्टर आहे, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा आहे आणि एकटं कोणी जात नाही. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी शिकवायचो, सायरन वाजला की आधी मोज्याकडे बघ आणि वाऱ्याला आडवा पळ, मित्राकडे नंतर बघ. ऐकायला वाईट वाटतं.

सिस्टर_सु | गुरुवार, पहाटे २.४८

नाइट ड्यूटी, आता शांत आहे म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दोघांना आणलं होतं, टाकीतून काढलेले. एक आणतानाच गेलेला, दुसरा जगला. आणणाऱ्यांना काय झालं सांगता येईना, कोणी म्हणे करंट लागला, कोणी म्हणे फिट आली. डॉक्टरांनी त्याचा हात धरून अंगठी दाखवली, चांदीची, पूर्ण काळी. सगळ्या स्टाफला म्हणाले यांचे कपडे काढा, पिशवीत बंद करा, खिडक्या उघडा.

सायनाइडसारखंच काम आहे याचं. रक्तात ऑक्सिजन असतो पण पेशीला तो वापरता येत नाही, शेवटची पायरीच बंद होते. त्यामुळे आमच्या हातात ऑक्सिजन, श्वास चालू ठेवणं, आणि वाट बघणं. तो जगलेला मुलगा महिन्याभराने परत आला होता, नावं आठवत नाहीत म्हणून. २४ वर्षांचा.

कोणी पडलेला दिसला तर १०१ ला फोन, त्यांच्याकडे सिलिंडरवाले सेट असतात. बाहेर काढल्यावर छाती दाबा पण तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका.

चहाबाज | गुरुवार, सकाळी ८.२०

ऑम्लेटचा जोक मागे घेतो.

जुन्या_काळचा | गुरुवार, सकाळी १०.३०

सिस्टर, वाचलं. कंदिलाचंही समजलं. पण कमिटीला पटवायचं कसं? आमच्याकडेही तीच मंडळी. विषारी बिषारी ऐकत नाहीत, आकडा ऐकतात.

पंपवाला_तुर्भे | गुरुवार, दुपारी १२.१०

आकडाच सांगा मग. २०१३ चा कायदा आहे, हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला तर पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा पाच वर्षं, पाच लाख. काँट्रॅक्टरकडून लिहून घेतलं की आपण सुटलो हा गैरसमज. गटारात मृत्यू झाला तर भरपाई सुप्रीम कोर्टाने २०१४ ला दहा लाख सांगितली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. बावीस हजाराचं मशीन महाग वाटतंय ना, याच्याशेजारी लिहून नोटीस बोर्डावर लावा.

नवी मुंबईचं नाव सफाईमित्र सुरक्षा चॅलेंजमध्ये (गटारं माणसाऐवजी यंत्राने साफ करण्याची शहरांची स्पर्धा) २०२१ ला आपल्या गटात वर आलं होतं, पालिकांकडे यंत्रं आहेत. १४४२० हा हेल्पलाइन नंबर पण आहे. मरण होतं ते बहुतेक गेटच्या आत, खाजगी टाक्यांत. आणि खरं बोलायचं तर उतरणारा पोरगा तुमच्या-माझ्या घरातला नसतो म्हणून साडेचार हजारात सौदा होतो. माझ्याकडे पण पूर्वी उतरायची माणसं, मी धुतल्या तांदळाचा नाही.

घोडबंदरचा_गोंधळी | शुक्रवार, रात्री ११.५५

दोन दिवस यातच गेले. आकडे प्रिंट काढून लिफ्टमध्ये लावले (धाग्यातलेच, परवानगी न विचारता, माफ करा). सेक्रेटरी म्हणाले तुला आजच का सुचलं. खजिनदारांनी बिल कोणत्या हेडखाली टाकायचं यावर अर्धा तास घेतला. शेवटी मशीन ठरलं, ब्लोअर आजपासून चोवीस तास. ऑपरेटरला एसटीपीच्या खोलीत बसू नको, बाहेर खुर्ची टाक म्हणून सांगितलं तर म्हणाला साहेब डोकं रोज दुखायचं, मला वाटलं चष्मा लागला.

घोडबंदरचा_गोंधळी | रविवार, सायंकाळी ५.३०

सकाळी नऊला जेटिंग-सक्शनची गाडी आली. पंपवाल्यांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) नंबर दिला होता त्या माणसाकडून चार गॅसचा मीटर भाड्याने घेतला. बेसमेंटमधल्या गाड्या काढल्या, मोठे दोन पंखे लावले, एक हवा आत ढकलणारा, एक ओढणारा.

झाकण उघडलं. मीटर दोरीला बांधून सोडला. तोंडाशी ६. काँट्रॅक्टर माझ्याकडे बघून हसला, बघा साहेब, काय नाय. दोन मीटर खाली ३८, मीटर किंचाळायला लागला. मग पाइप सोडला आणि जेटने गाळ हलवला. ६०, ८५, आणि मग आकडाच गेला, स्क्रीनवर नुसतं ओव्हर. तो मीटर शंभरपर्यंतच मोजतो म्हणे. आम्ही सगळे रॅम्पवरून वर पळालो. वर कोणालाच वास येत नव्हता, पंखे चालू होते म्हणून की कशामुळे कोण जाणे.

काँट्रॅक्टर ती दोन माणसं सवयीने घेऊनच आला होता. एक जेमतेम वीसचा असेल. ते गेटपाशी कट्ट्यावर बसून चहा पीत होते. मी मीटर नेऊन त्यांना दाखवला तर पोरगा म्हणाला, मागच्या महिन्यात बदलापूरला उतरलो तेव्हा पाय एकदम पाण्यासारखे झाले होते, काकाने केस धरून ओढला. आणि मग विचारलं, मशीन आलं तर आमची हजेरी मांडणार ना?

मांडली. पूर्ण दिवसाची, दोघांची. खजिनदारांनी स्वतःच्या खिशातून दिली, हेड न विचारता.

स्लॅबच्या आतल्या बाजूला तीन ठिकाणी सळ्या उघड्या आहेत, स्ट्रक्चरलवाल्याला बोलावलंय. पाण्याचा टीडीएस २,९०० आला, काकू, म्हणजे तडा आहे का कुठेतरी?

परीक्षानळी | रविवार, सायंकाळी ६.०५

असणार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला टाकीची पातळी आपोआप वाढते का ते ऑपरेटरला लिहून ठेवायला सांगा, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत कमी दिसली तर नक्की खाडीचं पाणी. आणि देवघरात निरांजनाशेजारी चांदीची एक स्वच्छ पट्टी ठेवा, तारीख घालून. महिन्याने फोटो टाका इथे.

ऐरोली_नाईटशिफ्ट | रविवार, रात्री १०.४०

पट्टी मी देतो, आमच्याकडे वापरलेल्या घासून ठेवल्यात. वाघबीळला मंगळवारी येतोय एका कामाला. एसीवाल्याला मात्र महिनाभर थांबवा, नवीन कॉइल आत्ता लावलंत तर तेही काळं होईल.